घाटातली बारी आणि दिल्लीतला निकाल

जुन्नर-आंबेगावात यात्रा म्हटली की पालखीइतकीच बैलगाडा घाटाची चर्चा असते. चार बैल, पुढे घोडी आणि चढाचा घाट. बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, काही सेकंदांत संपते, पण सेकंदाच्या अंशावर नंबर ठरतो आणि विजेत्या बैलांवर भंडारा उधळला जातो.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली. त्यांतली क्रूरता खरीच होती; चाबूक, टोकदार काठ्या, शेपटी पिरगाळणे. दुसरीकडे, शर्यतीच नसतील तर खिलार खोंड पोसायचा कशासाठी, हा शेतकऱ्याचा प्रश्नही तितकाच खरा होता.

राजकारण त्यात उतरणारच होते. लांडेवाडीचे शिवाजीराव आढळराव पाटील आणि नारायणगावचे अमोल कोल्हे यांच्यातल्या २०१९च्या शिरूर लोकसभा लढतीत बैलगाडा हा प्रचाराचा मोठा मुद्दा होता. कोल्हे जिंकले. बंदी उठल्यावर, २०२२ मध्ये, शब्द दिल्याप्रमाणे ते निमगाव दावडीच्या घाटात बैलगाड्यापुढच्या घोडीवर बसले.

बंदी उठण्याचा रस्ता मात्र न्यायालयातून गेला. राज्याने २०१७ मध्ये शर्यतींना परवानगी देण्यासाठी कायदा बदलला, पण उच्च न्यायालयाने शर्यती रोखल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडूच्या जल्लीकट्टू या बैलांच्या खेळाच्या कायद्यासह महाराष्ट्राचा कायदाही वैध ठरवला.

ही परवानगी नियमांसह मिळाली आहे. जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी हवी, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी हवी, काठी-चाबूक चालणार नाही. गाडामालकांनो आणि यात्रा समित्यांनो, हे नियम काटेकोर पाळा. आपल्या घाटात काठी दिसली तर बारी तिथेच बाद करा.