आई-बाबा ऊसतोडीला, मूल गावात: गप्प झालेल्या मुलाच्या मनात काय चालतं?

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या अनेक गावांत घरांना कुलपं लागतात. ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल या जोडीच्या नावानं घेतलेली असते, त्यामुळे आईला मागे राहणं सहसा जमत नाही. काही मुलं सोबत जातात. शाळेत जाणारी बरीच मुलं मात्र आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहाच्या आधारानं पाच-सहा महिने गावातच राहतात.

शाळा बुडत नाही, जेवण मिळतं. पण मनाचं काय?

शांत झालं म्हणजे सावरलं?

सुरुवातीला मूल रडतं, मग गप्प होतं. घरचे म्हणतात, "शहाणं झालं." तसं असेलच असं नाही. आईपासून दुरावलेल्या लहान मुलांचा अभ्यास करताना ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी आणि त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांना तीन टप्पे दिसले: आधी आकांत, मग उदासी, शेवटी अलिप्तपणा. म्हणजे गप्प बसणं हे दुःखाचंही लक्षण असू शकतं.

मोठ्या मुलांमध्ये ते वेगळ्या रूपात दिसतं: पोटदुखीची तक्रार, चिडचिड, झोप न लागणं, अभ्यासातून लक्ष उडणं. थोरल्या मुलीवर तर स्वयंपाक आणि धाकट्या भावंडांची जबाबदारीही येते. तिला रडायलाही फुरसत मिळत नाही.

काय करता येईल?

सांगून निघा. मूल झोपेत असताना गुपचूप गेलात, तर पुढे प्रत्येक रात्री त्याला कुणीतरी निघून जाईल अशी भीती वाटते.

फोनची वेळ ठरवा. फडावर रोज जमणार नाही. आठवड्यातून दोनदाच करा, पण ठरल्या वेळी. "अभ्यास केलास का?" याआधी "आज कुणाशी खेळलास?" असं विचारा.

खोटी तारीख देऊ नका. "चार दिवसांत येते" यापेक्षा "कारखान्याचा पट्टा पडला की येते" हे खरं उत्तर बरं.

आजी-आजोबांनो, "रडू नको" म्हणण्याऐवजी "आईची आठवण येतेय ना?" एवढं म्हणा.

शिक्षकांनो, वर्गातली कोणती मुलं मागे राहिली आहेत, ते हंगाम सुरू होतानाच लिहून ठेवा. गप्प मुलाशी रोज दोन मिनिटं बोला.

आई-बाबा परतल्यावर मूल जवळ आलं नाही, तर "विसरलास का आम्हाला?" असं टोचून बोलू नका. तो राग नसतो, पुन्हा विश्वास ठेवायला त्याला वेळ हवा असतो.

मदत कधी घ्यायची?

दोन आठवड्यांहून जास्त काळ मूल नीट जेवत-झोपत नसेल, तर 'टेली-मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. तिथे मराठीतही बोलता येतं. मूल जीव देण्याची भाषा करत असेल, तर एक दिवसही थांबू नका. कुणी त्रास देत असेल, तर चाइल्ड हेल्पलाइन १०९८. हे दोन्ही क्रमांक शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, म्हणजे मुलांनाही ते वाचता येतील.