पंधरा सेकंद हात बांधून

रोबोंच्या आखाड्यात : लेखांक ७

२००८ साली पुण्यात रोबोंनी दहीहंडी फोडली होती. आशिया-पॅसिफिक देशांतल्या कॉलेजांची ‘एबीयू रोबोकॉन’ स्पर्धा त्या वर्षी पुण्यात भरली आणि यजमान म्हणून आपण विषय दिला ‘गोविंदा’. काही यंत्रं माणसांनी चालवायची, काही स्वतःच्या अकलेने चालणारी, आणि सगळ्यांचा डोळा हंडीतल्या लोण्यावर.

खऱ्या दहीहंडीत मात्र सगळ्यांचा डोळा लोण्यावर नसतो. तळाच्या थरातल्या गड्याला हंडी दिसतही नाही. मान खाली, हात शेजाऱ्याच्या खांद्यावर, आणि लक्ष फक्त आपल्या पायांकडे. हंडी बघायची ती सगळ्यात वरच्या पोराने. खालच्याने मान वर केली की थर डळमळलाच.

गेल्या आठवड्यात आपण रोबोच्या डोळ्या-कानांविषयी, म्हणजे सेन्सरांविषयी बोललो. त्यावर बऱ्याच वाचकांचा समज असा झालेला दिसतो की जितके जास्त सेन्सर तितका रोबो हुशार. आजचा लेख त्या समजाला थोडा छेद देणारा आहे. रोबोला एकट्याला सोडायची वेळ येते तेव्हा सगळ्यात चतुर संघ आधी एक यादी करतात : याला काय काय बघावंच लागणार नाही?

उदाहरणं घेतो आहे ‘फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन’ या अमेरिकी शालेय स्पर्धेतली. डीन केमन या संशोधकाने १९८९ मध्ये ‘फर्स्ट’ ही संस्था काढली आणि १९९२ मध्ये न्यू हॅम्पशरमधल्या मँचेस्टर गावी एका शाळेच्या जिमखान्यात पहिली स्पर्धा झाली, २८ संघांची. आज या स्पर्धेत जगभरातून संघ येतात. मुंबईचा ‘आर फॅक्टर’, क्रमांक ६०२४, हाही त्यांतलाच. दर जानेवारीत नवा खेळ जाहीर होतो. मैदान साधारण साडेसोळा मीटर लांब आणि सव्वाआठ मीटर रुंद. एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन रोबो. तिघांची युती, आणि ती निदान सामना संपेपर्यंत तरी टिकते. सामना अडीच मिनिटांच्या आसपास.

सुरुवातीची अकरा वर्षं सगळा खेळ रिमोटवर चालायचा. २००३ च्या ‘स्टॅक अटॅक’ या खेळात पहिल्यांदा नियम आला की सुरुवातीचे पंधरा सेकंद ड्रायव्हरने यंत्रणेला हात लावायचा नाही. रोबोने आधी लिहून दिलेल्या कोडवर चालायचं. पोरं याला नुसतं ‘ऑटो’ म्हणतात. ड्रायव्हर रेषेच्या मागे उभे राहतात आणि आपलंच यंत्र काय दिवे लावतंय ते बघत बसतात.

यातली पहिली अडचण मी जवळून पाहिली आहे. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये शाळकरी पोरांचा एक गट छोट्या गटातल्या स्पर्धेची तयारी करायचा. फरशीवर खडूने आखलेलं मैदान, आणि मी आपला चहा पीत बसलेला सल्लागार. कोडमध्ये लिहिलं होतं : तीन सेकंद पुढे जा, मग डावीकडे वळ. शनिवारी संध्याकाळी रोबो खडूच्या फुलीवर बरोब्बर थांबला. रविवारी सकाळी तोच रोबो, तेच कोड, आणि स्वारी फुली ओलांडून एका स्कूटरच्या स्टँडवर जाऊन धडकली.

“सर, काल तर बरोबर थांबला होता!”

काल बॅटरी दिवसभर वापरून उतरलेली होती. रात्रभर चार्ज केल्यावर चाकं जोरात फिरायला लागली आणि त्याच तीन सेकंदांत अंतर जास्त कापलं गेलं. घड्याळावर भरवसा ठेवला की असं होतं. त्यावरचा इलाज म्हणजे चाकाचे फेरे मोजणारा एन्कोडर. चाक दहा सेंटिमीटर व्यासाचं असेल तर एका फेऱ्यात सुमारे ३१.४ सेंटिमीटर अंतर, म्हणजे तीन मीटर जायला साडेनऊ फेरे आणि वर थोडं. मग बॅटरी भरलेली असो की उतरलेली, फेरे तेवढेच.

पण चाक घसरलं तर? फेरा मोजला जातो, अंतर कापलं जात नाही. दिशेचं तर विचारूच नका. रोबो जागेवर ठेवताना दोन अंश तिरका ठेवला गेला तर ते डोळ्यांना कळतही नाही. मोठ्या मैदानाच्या मध्यरेषेपर्यंत, म्हणजे आठ मीटर जाईतो, ते दोन अंश २८ सेंटिमीटर होऊन बसतात. २०२४ च्या ‘क्रेसेंडो’ खेळात मध्यरेषेवरून उचलायच्या फोमच्या कड्यांचा व्यास होता साधारण ३६ सेंटिमीटर. म्हणजे कडं एका बाजूला आणि रोबोचं तोंड दुसऱ्या बाजूला. २०२३ पासून मैदानाच्या कडेने ‘एप्रिलटॅग’ नावाचे काळे-पांढरे चौकोनी ठसे लावलेले असतात. कॅमेऱ्याला ते दिसले की रोबो आपली जागा नव्याने हिशेबात घेतो. रस्ता चुकलेल्या माणसाला मैलाचा दगड दिसावा, तसं.

इथवर झालं तंत्र. डाव त्याच्या पुढे सुरू होतो.

२०१४ चा खेळ होता ‘एरियल असिस्ट’. सुमारे साठ सेंटिमीटर व्यासाचे मोठे चेंडू उंच गोलमध्ये टाकायचे. ऑटोला त्या वर्षी दहाच सेकंद होते, आणि त्यात आयोजकांनी एक खोडी करून ठेवली होती. समोरच्या डाव्या-उजव्या गोलांपैकी एक पहिले पाच सेकंद ‘हॉट’ असायचा, दुसरा पुढचे पाच सेकंद. ऑटोमधल्या उंच गोलला १५ गुण, पण तोच गोल हॉट असताना चेंडू गेला तर २०. आधी कोणता गोल पेटणार हे सामना सुरू झाल्यावरच कळायचं.

अपेक्षा अशी होती की रोबोने कॅमेऱ्याने बघावं. हॉट गोलपाशी प्रकाश परतवणारी एक पट्टी पुढे यायची. ती टिपण्यासाठी पोरांनी कॅमेऱ्याभोवती हिरव्या एलईडींची चकली बसवली, प्रतिमेतून हिरवे तुकडे वेगळे काढणारं कोड लिहिलं, आणि मग प्रत्येक गावच्या सभागृहातल्या दिव्यांशी झगडत बसली. कुठे छतावरचा दिवा पट्टीसारखा भासायचा, कुठे कॅमेरा जागा व्हायलाच वेळ घ्यायचा.

आता थोडं थांबून प्रश्न काय आहे तो बघा. एक चेंडू घेऊन एका गोलसमोर उभ्या असलेल्या रोबोला नेमकं काय कळायला हवंय? गोलचा आकार नको, अंतर नको, कोन नको. ते सगळं आधीच मोजून ठेवलेलं आहे. त्याला एवढंच हवंय : आत्ता मारू, की पाच सेकंद थांबू? एका हो-नाहीची माहिती. आणि ती माहिती काचेपलीकडे उभ्या असलेल्या ड्रायव्हरला नुसत्या डोळ्यांनी मिळालेली आहे. फक्त त्याला कशालाही हात लावायची बंदी आहे.

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या संघ क्रमांक २५४ ने, म्हणजे ‘चीझी पूफ्स’नी, इथे जे केलं ते मला या सगळ्या स्पर्धांमधलं सर्वांत देखणं काम वाटतं. त्यांनी रोबोचा डोळा सुधारायचा नाद सोडला आणि ड्रायव्हरच्या लॅपटॉपचा वेबकॅम ड्रायव्हरकडेच वळवला. पडद्यावर दोन चौकोन. ड्रायव्हर रेषेमागे उभा राहून दोन्ही पंजे हवेत अशा बेताने धरतो की एकेका चौकोनात एकेक पंजा यावा. डावीकडचा गोल पेटला की एक हात खाली, उजवीकडचा पेटला की दुसरा. कोड फक्त चौकोनातला रंग बदलला का एवढंच तपासतं आणि ते रोबोला कळवतं. कळफलकाला स्पर्श नाही, बटण नाही. पोलिसमामा चौकात गाडी थांबवतात, तसा प्रकार.

ही पळवाट म्हणायची का? मला नाही वाटत. हातवाऱ्यांनी रोबोला इशारे देण्याची सोय आयोजकांनीच २०१२ मध्ये करून दिली होती, त्यासाठी मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट कॅमेराही चालत होता. पूफ्सनी महागड्या किनेक्टच्या जागी साधा वेबकॅम आणला एवढंच. आणि पुढची गोष्ट तर अशी की हे ‘चीझीव्हिजन’ त्यांनी त्याच हंगामात सगळ्यांसाठी खुलं केलं. ज्यांच्याशी अंतिम फेरीत गाठ पडायची शक्यता होती, त्यांच्यासाठीसुद्धा. आपल्याकडे दहावीच्या नोट्स शेजारच्या बाकावर जायला जड जातात, तिथे हे. त्या वर्षी सेंट लुईसला विजेतेपदही त्यांच्याच युतीने घेतलं. पुढच्या वर्षांच्या नियमपुस्तकांत मात्र ऑटोमध्ये रोबोशी ‘प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष’ संपर्क नको, अशी भाषा आली. नियमातल्या त्या ‘अप्रत्यक्ष’ शब्दामागे मला नेहमी ते दोन पंजे दिसतात.

२०१५ चं उदाहरण याच्या अगदी उलट जातीचं. ‘रीसायकल रश’ या खेळात दोन्ही युती आपापल्या अर्ध्या मैदानात प्लास्टिकचे क्रेट रचत बसायच्या. मध्ये एक बुटका कठडा, तो ओलांडायचा नाही. धक्काबुक्की नाही, अडवाअडवी नाही. बघायला तसा कंटाळवाणाच खेळ, हे माझं मत; ते न पटणारे लोकही मला भेटले आहेत. पण त्या कठड्यावर कचऱ्याचे चार उंच डबे उभे होते, आणि त्यांवर दोघांचाही सारखाच हक्क होता.

हिशेब करून बघू. सहा क्रेटची थप्पी, प्रत्येकी २ गुण, म्हणजे १२. तिच्या डोक्यावर डबा चढवला की थराला ४ गुण या भावाने आणखी २४. डब्यात ‘कचरा’ म्हणून फोमची नळी खोचली की आणखी ६. एकूण ४२, त्यातले ३० एकट्या डब्यामुळे. आणि प्रत्येक बाजूला स्वतःचे हक्काचे डबे फक्त तीन. चौथी थप्पी कितीही झटपट रचली, तरी कठड्यावरचा डबा हाती नसेल तर ती बाराचीच.

ऑटोमध्ये तीन पिवळे क्रेट एकावर एक रचून दाखवले तर २० गुण मिळायचे. बहुतेक संघांनी जानेवारी-फेब्रुवारी त्याच्या मागे घालवले. कठड्यावरचे डबे ओढून आणायला ऑटोमध्ये गुण होते शून्य. पण ज्यांनी वरचा हिशेब कागदावर मांडला त्यांना कळून चुकलं की मोठ्या सामन्यांचा निकाल या शून्य गुणांच्या कामावरच लागणार. मग सुरू झाली ‘कॅनबर्गलर’ची शर्यत. बर्गलर म्हणजे घरफोड्या. रोबोच्या पाठीला लावलेले लांब, हलके हात : सामना सुरू होताच खाली आपटायचे, डब्यात अडकायचे, आणि लगेच रोबोने उलट दिशेला पळ काढायचा. हंगाम पुढे सरकला तसा हा मामला अर्ध्या सेकंदाच्याही आत आला. कोणी हवेच्या दाबावर चालणारे सिलिंडर काढून ताणलेले रबर लावले, कोणी हात थेट मोटरच्या दांड्यावर बसवले, कोणी हाताचं वजन कमी करत गेलं.

या कामात कॅमेरा नाही, एन्कोडर नाही, रोबो किती वळला ते सांगणारा जायरो नाही. डबा कुठे आहे? जिथे ठेवलाय तिथेच. सामना सुरू होण्याआधी त्याला हलवणार कोण? इथे बघत बसणं म्हणजे हरणं. या रोबोंचा मेंदू सेकंदाला सुमारे पन्नास वेळा मैदानाकडून खबर घेतो. एका खबरीपासून दुसरीपर्यंत २० मिलिसेकंद. पहिल्या खबरीला हात सुटला पाहिजे, दुसरीला नव्हे, इतक्या बारकाव्यावर कोड तासलं जात होतं. आपल्या युतीतल्या कमकुवत रोबोला स्पर्धेच्या जागीच असले हात बसवून देण्याची युक्तीही त्या वर्षी जोरात चालली. असल्या आयत्या जोडकामाला या मंडळींत ‘चीजकेक’ म्हणतात. दुकानातून आणलेली पुरणपोळी ताटात वाढावी, तसा काहीसा भाव आहे त्यात.

पुढे काय काय झालं ते थोडक्यात. २०१९ मध्ये आयोजकांनी ड्रायव्हरसमोर काळा पडदाच टाकला, पण कॅमेऱ्यातून बघून चालवायची मुभा ठेवली. झालं, बहुतेकांनी पडदा पडल्या पडल्या स्क्रीनवर बघून रिमोट हाती घेतला. २०२२ मध्ये काही संघांनी ऑटोमध्ये स्वतःचे दोन चेंडू टाकून झाल्यावर उरलेल्या सेकंदांत प्रतिस्पर्ध्याचे चेंडू उचलले आणि त्याला गैरसोयीच्या कोपऱ्यात भिरकावून दिले. २०२४ मध्ये मध्यरेषेवरच्या पाच कड्यांसाठी धावताना काहींनी उचलायचा विचारच सोडला. रेषेवरून आडवं सुसाट जायचं आणि कडी विस्कटून टाकायची. समोरच्याचा रोबो लिहून दिलेल्या जागी अगदी अचूक पोहोचायचा आणि तिथे काहीच नसायचं. यातलं शेवटचं मला मनापासून आवडत नाही, पण नियमात बसतं.

आमच्या पार्किंगमधल्या पोरांनी फेरे मोजायला घेतले, तरी वळणानंतर रोबो थोडा तिरका व्हायचाच. जायरोचा सेन्सर घ्यायचा तर घरी पैसे मागायला हवे होते. दोन रविवार खटपट झाली. तिसऱ्या रविवारी गेलो तर रोबो सरळ जाऊन भिंतीवर धप्पकन आदळला, सेकंदभर तसाच रेटत राहिला, मग मागे आला आणि पुढचा अख्खा रस्ता अगदी नाकासमोर गेला. मला वाटलं कोड बिघडलं. तर नाही, मुद्दाम लिहिलं होतं. भिंतीला रेटलं की रोबोची पुढची कड भिंतीला चिकटते, आणि आधीचा सगळा तिरकेपणा तिथेच निघून जातो.

“हे कुणी सुचवलं?” मी विचारलं.

“कुणी नाही, सर. भिंत हलत नाही ना.”

त्या भिंतीवर जमिनीपासून वीतभर उंचीवर बंपरच्या निळ्या रंगाचा एक पट्टा उमटला आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींची गाडी नेमकी त्याच्याच पुढे लागते, म्हणून अजून कुणाच्या नजरेला आलेला नाही.

(पुढच्या आठवड्यात : बॅटरी, आणि ती भलत्याच वेळी का उतरते)