बेरियाचा झाडू

सकाळी 6:45
केंटकी राज्यातलं बेरिया. लेक्सिंग्टनहून मोटारीने दक्षिणेला निघालं की तासाच्या आत गाव येतं. पुढे अॅपलाचियाचे डोंगर. कॉलेजच्या भोजनगृहात दिवे लागलेत. ट्रे मांडणारी मुलं, टेबलं पुसणारी मुलं. थोड्या वेळाने हीच मुलं दप्तर घेऊन वर्गात बसतील. इथे साधारण दीड हजार विद्यार्थी शिकतात आणि प्रत्येकाला काम असतं, आठवड्याला किमान 10 तास. ‘कमवा आणि शिका’ ही इथे काही जणांसाठीची वेगळी योजना नाही. प्रवेशच मुळात बेताची ऐपत असलेल्या घरच्या मुलांना मिळतो. आणि शिकवण्याची फी 1892 पासून कुणाकडूनच घेतलेली नाही.

आपण एका मुलीबरोबर चालू. दुसरं वर्ष, घर पूर्व केंटकीच्या डोंगरात.

सकाळी 8:00
जीवशास्त्राचा तास. ती पहिल्या बाकावर. नखांच्या कडांना निळा रंग आहे, कालच्या कामाचा.

सकाळी 10:00
झाडूची कार्यशाळा. 1920 पासून चालू आहे. दारातच वाळलेल्या गवताचा वास येतो. भिंतीशी पेंढ्या रचल्यात. जवळ जाऊन पाहिलं तर ओळख पटते: ही ज्वारीच. कणसाच्या दाण्यांसाठी नव्हे, लांब तुऱ्यांसाठी वाढवलेली. अमेरिकेत ती आता फारशी पिकत नाही, बरीचशी मेक्सिकोतून येते.

तुरे आधीच भिजवून ठेवलेत. कोरडा तुरा वाकवला की मोडतो. काही साधे, काही निळ्या-लाल रंगात बुडवलेले. ती दांडा यंत्रात अडकवते. दांड्याच्या भोकात दोऱ्याचं टोक बसवते. पायडल दाबलं की दांडा फिरतो आणि दोरा ताणून बसतो. आत आखूड, जाडेभरडे तुरे. त्यावर लांब, सरळ. सगळ्यात बाहेर निवडक. प्रत्येक थराला दोऱ्याचे दोन-तीन वेढे. ताण कमी पडला तर झाडू महिन्याभरात गळायला लागतो, म्हणून ती अंग मागे टाकून ओढते. खांद्यापासून पायापर्यंत सगळं शरीर कामाला लागतं.

मग सुरी. वरची उरलेली धाटं तिरकी कापायची, म्हणजे गळ्याशी जाडी राहत नाही. एक धाट जास्त खोल कापलं जातं. शेजारचा वरच्या वर्गातला मुलगा बोट ठेवून दाखवतो. ती वेढे सोडते, तुरा काढते, पुन्हा बसवते.

सकाळी 11:15
गोल झाडू शिकंज्यात दाबून चपटा करायचा. आता शिवण. दाभण दोन्ही टोकांना अणकुचीदार. तळहातावर चामड्याचा पट्टा, नाहीतर दाभण हातातच घुसायचं. या बाजूने ढकलायचं, त्या बाजूने ओढायचं, दोरा आवळायचा. एक ओळ, दुसरी, तिसरी. मला हे बघताना सारखं वाटत होतं की झाडूला किंमत देताना आपण ही शिवण कधी मोजत नाही. शेवटी खालची टोकं कापून सारखी केली. झाडू उभा धरून तिने फरशीवर एकदा फिरवला. एकही काडी पडली नाही.

दुपारी 12:30
जेवण. कामाची पातळी वर गेली की ताशी दर वाढतो. पैसे फार नसतात. पुस्तकं, फोनचं बिल, साबण, घरी जाताना मैत्रिणीच्या गाडीत पेट्रोलचा वाटा. वर्षभराच्या शिक्षणाचा खर्च या मजुरीतून निघण्यासारखा नाहीच. तो निघतो मुख्यतः कॉलेजच्या कायम ठेवीतून. मृत्युपत्रांनी येणारा, अट नसलेला पैसा खर्च न करता ठेवीत घालायचा, असं विश्वस्तांनी 1920 मध्ये ठरवलं. झाडूची कार्यशाळा त्याच वर्षीची. आज ती ठेव अब्ज डॉलरच्या वर आहे.

दुपारी 1:45
तिला ग्रंथालयात जायचंय. वाटेत लिंकन हॉल लागतो, 1887 चा. नाव उगाच दिलेलं नाही. कॉलेजचा संस्थापक जॉन फी हा गुलामांच्या मालकाचा मुलगा. गुलामगिरीविरुद्ध उपदेश करायला लागला तेव्हा घरातून तुटला. 1855 मध्ये त्याने इथे एका खोलीची शाळा काढली. 1859 च्या डिसेंबरात गुलामगिरीच्या समर्थकांनी त्याच्या लोकांना राज्याबाहेर हाकललं. यादवी युद्धानंतर ते परत आले. 1866-67 मध्ये पटावर 187 विद्यार्थी होते: 96 काळे, 91 गोरे. एकाच छपराखाली.

मग 1904 मध्ये केंटकीने काळ्या-गोऱ्यांना एकत्र शिकवण्यावर बंदी घातली. कॉलेजला 1000 डॉलर दंड झाला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1908 मध्ये कॉलेज हरलं. न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोधी मत लिहिलं, पण निकाल बदलला नाही. काळ्या विद्यार्थ्यांसाठी लुईव्हिलजवळ लिंकन इन्स्टिट्यूट उभं करून दिलं. बेरियाचे दरवाजे त्यांना पुन्हा उघडले 1950 मध्ये. कार्टर वुडसन त्या बंदीच्या जेमतेम एक वर्ष आधी, 1903 मध्ये इथून पदवी घेऊन गेला. अमेरिकेतल्या काळ्यांच्या इतिहासाचा अभ्यास पुढे त्यानेच रुजवला. एक वर्ष उशीर झाला असता तर? हा विचार डोक्यातून जात नाही.

दुपारी 3:00
फेल्प्स स्टोक्स चॅपल. इमारत 1906 ची, विद्यार्थ्यांच्या हातची. सगळी माणसं एका रक्ताची, असं सांगणारं बायबलमधलं वचन हे कॉलेजचं ब्रीद. ख्रिस्ती कॉलेज, पण कुठल्या एका पंथाचं नाही. आज व्याख्यान आहे. ती मागच्या बाकावर वही उघडते.

संध्याकाळी 5:00
पुन्हा कार्यशाळा. झाडलोट, पेंढ्या झाकणं, उद्यासाठी तुरे निवडणं. पर्यवेक्षक तिच्या वेळेच्या नोंदीवर नजर टाकतात. पदवीच्या गुणपत्रिकेसारखीच इथे कामाची स्वतंत्र नोंद मिळते. काय काम, किती तास, कसं केलं.

पुढच्या सत्रात रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक नेमकं सकाळी 10 ला येतंय. ती विचारते, "माझे तास दुपारी घेता येतील का?"

ते तक्ता काढतात. मंगळवार भरलेला. बुधवारी दोन तास मोकळे. शुक्रवारी शिवणीला कुणीच नाही.

"शुक्रवारी शिवशील?"

"शिवीन," ती म्हणते, आणि तक्त्यावर स्वतःचं नाव लिहिते.