दाढ काढण्याआधी सांगायची गोष्ट

‘कुठली औषधं चालू आहेत?’ असं दंतवैद्यांनी विचारलं, की साठीपुढची बाई रक्तदाबाची गोळी सांगते, साखरेची सांगते. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठ महिन्यांपूर्वी घेतलेलं झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन तिच्या लेखी ‘चालू’ नसतंच; ते तर वर्षातून एकदाच असतं. पण ते हाडात मुरलेलं असतं, आणि आठवड्याला घ्यायची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळीही अशीच वर्षानुवर्षं मुरून राहते. जुनं हाड कुरतडणाऱ्या पेशींना ही औषधं आवरतात, म्हणून हाड टिकतं. मात्र जखम भरायची तर त्याच पेशींची गरज असते. जबड्यावर पांघरूण पातळ हिरडीचं, शेजारी तोंडातले जंतू. त्यामुळे क्वचित दाढेची जागा भरत नाही, हाड उघडं पडतं आणि आठ आठवडे उलटले तरी तसंच राहतं. वरच्या जबड्यात तर दाढांच्या मुळांलगतच गालातलं सायनस असतं. तिथलं हाड मेलं की एका बाजूची नाकपुडी वाहते, दुर्गंधी येते, आणि सर्दी समजून उपचार होत राहतात.

मग औषधच नको, असं वाटणं स्वाभाविक आहे. ते चुकीचं आहे. मायामीचे शल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी २००३मध्ये असे ३६ रुग्ण नोंदवले, तेव्हापासून भीती पसरली. पण त्यांतले बहुतेक कर्करोगाचे होते, आणि त्या आजारात हीच औषधं दर महिन्याच्या आसपास दिली जातात. ठिसूळपणासाठी गोळी घेणाऱ्यांत हा धोका दहा हजारांत एक ते पाच इतकाच आढळतो. उलट खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांपैकी कितीतरी जण वर्षभरात दगावतात. ‘दाढ काढेपर्यंत औषध थांबवू’ हा तोडगाही सरसकट चालत नाही. मुरलेलं औषध चार महिन्यांत निघून जात नाही. ठिसूळ हाडांसाठीचंच दुसरं औषध, डेनोसुमॅब, हाडात मुरत नाही, पण त्याचं सहा महिन्यांचं इंजेक्शन लांबलं तर मणके मोडू शकतात. औषध थांबवायचं का, हा निर्णय दंतवैद्य आणि हाडांचं औषध देणारे डॉक्टर या दोघांनी मिळून घ्यायचा. घाबरून सडकी दाढ तशीच ठेवणंही नको, कारण जबड्याचं हाड मरायला तो जंतुसंसर्गही कारण ठरतो. शक्य असेल तिथे पहिल्या इंजेक्शनाआधीच दात तपासून काढायचे ते काढून घ्यावेत, आणि इंजेक्शनाची तारीख दंतवैद्यांच्या कागदावर लिहून घ्यावी.