बलामाचा तारा कोणाचा?

तोराच्या चौथ्या पुस्तकात, म्हणजे मराठी बायबलात ज्याला 'गणना' म्हणतात त्यात, एक गाढवी बोलते. मवाबचा राजा बालाक इस्रायली लोकांची गर्दी पाहून धास्तावलेला असतो. लढून निभाव लागेलसे वाटत नाही, म्हणून तो बलाम नावाच्या परदेशी द्रष्ट्याला भरघोस बिदागी कबूल करून शाप द्यायला बोलावतो. वाटेत देवदूत तलवार उपसून उभा राहतो. तो गाढवीला दिसतो, द्रष्ट्याला दिसत नाही. ती अडते, मार खाते आणि शेवटी तोंड उघडून धन्याला जाब विचारते. पुढे बलाम डोंगरमाथ्यावर उभा राहून शाप द्यायला जातो आणि दर वेळी तोंडातून आशीर्वादच बाहेर पडतो. अखेरच्या भाषणात तो सांगतो की त्याला कोणीतरी दिसतो आहे, पण आत्ताचा नाही, जवळचाही नाही. याकोबाच्या वंशातून एक तारा निघेल, इस्रायलमधून एक राजदंड उठेल आणि मवाबला चिरडून टाकील.

हा तारा कोण? येशूला मसीहा मानणारे आणि तरीही स्वतःला ज्यूच म्हणवणारे लोक तोरा कसा वाचतात, हे समजून घ्यायला यापेक्षा सोयीची जागा नाही. या लोकांना मेसियानिक ज्यू म्हणतात. येशूला ते 'येशूआ' या हिब्रू नावाने हाक मारतात, शनिवारी शब्बाथ पाळतात, वल्हांडण आणि योम किप्पूर करतात, मुलांची सुंता करतात आणि सिनेगॉगमध्ये चालते तसेच तोराचे साप्ताहिक वाचन करतात.

या वाचनाची पद्धत जुनी आणि काटेकोर आहे. तोराची पाच पुस्तके ५४ भागांत विभागलेली आहेत. एका भागाला पाराशा म्हणतात. दर शब्बाथला ठरलेला पाराशा वाचायचा आणि सिम्हात तोराच्या सणाला शेवटचा भाग संपवून त्याच दिवशी उत्पत्तीच्या पहिल्या ओळीला पुन्हा हात घालायचा. काही आठवड्यांत दोन भाग जोडून वाचतात, म्हणून वर्षाचे गणित जमते. तोरानंतर संदेष्ट्यांच्या ग्रंथांतला एक उतारा येतो, त्याला हाफ्तारा म्हणतात. तो पाराशाशी कुठल्या तरी धाग्याने जोडलेला असतो. मेसियानिक मंडळ्या यापुढे तिसरे वाचन जोडतात, ते नव्या करारातले. वरवर पाहता एवढाच फरक. पण हे तिसरे वाचन पहिल्या दोन्हींवर मागे वळून प्रकाश टाकते, आणि खरा तंटा तिथून सुरू होतो.

बलामाच्या पाराशाचे नाव 'बालाक'. तो साधारण जून-जुलैमध्ये येतो. त्याचा हाफ्तारा मीखा या संदेष्ट्याचा. मेसियानिक शिक्षक इथे विद्यार्थ्यांना एक गोष्ट हमखास दाखवतात. मराठी बायबलच्या क्रमांकाने हा उतारा मीखाच्या पाचव्या अध्यायातल्या सातव्या वचनापासून सुरू होतो. बेथलेहेममधून इस्रायलचा अधिपती निघेल, असे सांगणारे वचन त्याच अध्यायातले दुसरे. म्हणजे उताऱ्याच्या उंबरठ्यावर, जेमतेम पाच वचने अलीकडे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूच्या जन्मकथेत पूर्वेकडचे ज्ञानी लोक ताऱ्यामागून येतात आणि त्याच प्रसंगात मीखाचे हे वचन उद्धृत होते. परदेशी द्रष्टा, तारा, बेथलेहेम: तीन धागे एकत्र आले की वर्गातल्या माणसाच्या अंगावर काटा येतो, असे या अभ्यासवर्गांत बसणारे सांगतात. मत्तयाने बलामाचे नाव कुठेही घेतलेले नाही, हे मात्र त्या भरात सांगायचे राहून जाते.

मेसियानिक वाचन उपरे आहे, ख्रिस्ती चर्चकडून उसने आणलेले आहे, असा आक्षेप सर्रास घेतला जातो. या ताऱ्याच्या बाबतीत तो पुरता टिकत नाही. मृत समुद्राकाठी कुमरानला सापडलेल्या हस्तलिखितांत या वचनाचा अर्थ आहेच. तिथल्या पंथाने तारा म्हणजे तोराचा अर्थ लावणारा आचार्य आणि राजदंड म्हणजे मंडळीचा अधिपती, अशी दोन माणसांत वाटणी केली. त्यानंतर इ. स. १३२ मध्ये रोमविरुद्ध उठाव झाला. त्याच्या म्होरक्याचे मूळ नाव बार कोसिबा. रब्बी अकिवांसारख्या थोर पंडिताने हेच वचन त्याला लावले आणि लोक त्याला बार कोखबा, ताऱ्याचा पुत्र, म्हणू लागले. जेरुसलेम तल्मूद या रब्बींच्या ग्रंथात एका समकालीन रब्बीचा टोला नोंदवलेला आहे: अकिवा, तुझ्या गालफडांतून गवत उगवेल तरी दाविदाचा पुत्र, म्हणजे मसीहा, आलेला नसेल. १३५ मध्ये बेतारचा किल्ला पडला, बार कोखबा मारला गेला आणि टोला खरा ठरला.

पुढे अकराव्या शतकात फ्रान्समधल्या राशी या भाष्यकाराने तारा म्हणजे दावीद राजा, मवाबला हरवणारा, असा सरळ ऐतिहासिक अर्थ दिला. बाराव्या शतकातल्या मैमोनिदेसने त्याहून चतुर तोड काढली. वचनाचे तुकडे पाडून एक तुकडा दाविदाला, पुढचा येणाऱ्या मसीहाला, असे आलटून पालटून त्याने वाटून दिले. तेव्हा तोरातल्या ओळीत मसीहा शोधणे, इतकेच नव्हे तर तो हयात माणसात सापडला असे जाहीर करणे, ज्यू परंपरेला परके नाही. मेसियानिक वाचक म्हणतात, आम्ही अकिवांनी केले तेच करतो, फक्त आमचा माणूस वेगळा आहे. त्यावर सनातनी उत्तर असे: अकिवा चुकले हे कळल्यावर परंपरेने ते मान्य केले, तुम्ही करत नाही. दोन्ही बाजूंना हा संवाद तोंडपाठ आहे.

अशाच दुसऱ्या एका वादात मेसियानिक प्रचारकांची बाजू मला लंगडी वाटते. यशयाच्या ५३व्या अध्यायात दुःख सोसणाऱ्या सेवकाचे वर्णन आहे आणि ख्रिस्ती वाचकाला त्यात क्रूसावरचा येशू दिसतो. उन्हाळ्यातल्या सांत्वनाच्या हाफ्तारांत एका आठवड्याचा उतारा ५२व्या अध्यायाच्या बाराव्या वचनाला थांबतो आणि पुढच्या आठवड्याचा थेट ५४व्या अध्यायापासून सुरू होतो. मधला भाग कधी वाचला जात नाही. यावरून 'रब्बींनी दडवलेला अध्याय' अशी आरोळी ठोकणारा प्रचार भरपूर चालतो. पण संदेष्ट्यांच्या ग्रंथांचा बहुतांश भाग हाफ्तारांत नाहीच. वर्षाच्या शब्बाथांत किती मावणार? शिवाय हा अध्याय कोणी लपवलेला नाही. राशीने त्यावर सविस्तर लिहिले आहे आणि सेवक म्हणजे इस्रायल प्रजा, असा अर्थ लावला आहे. गाळणे आणि दडवणे यांत फरक आहे.

चर्चसाठी या अभ्यासातला टोचणारा भाग भाकितांचा नाही, आज्ञांचा आहे. तोरा म्हणजे नुसत्या कथा नव्हेत. परंपरेच्या मोजणीप्रमाणे तिच्यात ६१३ आज्ञा आहेत: काय खावे, कधी थांबावे, कर्ज कसे माफ करावे, शेताचा कोपरा गरिबांसाठी कसा सोडावा. ख्रिस्ती चर्चची शतकानुशतकांची भूमिका अशी की येशू आला आणि या नियमशास्त्राचे काम झाले. मेसियानिक ज्यू इथे चर्चशी फारकत घेतात. डोंगरावरच्या प्रवचनात येशू सांगतो की तो नियमशास्त्र मोडायला आलेला नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या २१व्या अध्यायात पौल स्वतः जेरुसलेमच्या मंदिरात जाऊन शुद्धीचा विधी करतो. मग आम्ही डुकराचे मांस खाऊन येशूचे अनुयायी कसे ठरणार, असा त्यांचा सवाल आहे. चौथ्या शतकातल्या ख्रिस्ती लेखकांनी येशूला मानणाऱ्या आणि तरी मोशेचे नियम पाळणाऱ्या 'नाझरीन' लोकांची नोंद केली आहे, ती थोडी तुच्छतेनेच. पुढे ते लोक इतिहासातून नाहीसे झाले.

आधुनिक काळात ही वाट पुन्हा धरणाऱ्यांत जोसेफ राबिनोविच हे ठळक नाव. रशियन साम्राज्यातल्या किशिनेव शहरात राहणारा हा माणूस. ज्यूंवरच्या हल्ल्यांनंतर १८८२ मध्ये तो पॅलेस्टाइन पाहून आला आणि आपल्या लोकांचा प्रश्न येशूशिवाय सुटणार नाही या निष्कर्षावर पोहोचला. १८८५ च्या सुमारास त्याने उभी केलेली मंडळी शब्बाथ पाळत होती, सुंता करत होती आणि येशूला मसीहा मानत होती. अमेरिकेत १९१५ मध्ये स्थापन झालेल्या हिब्रू ख्रिस्ती संघटनेने १९७५ मध्ये नावातला 'ख्रिस्ती' काढून 'मेसियानिक ज्यू' घातले. यहुदी म्हणून जन्मलेल्यांनी चर्चमध्ये विरघळून जायचे नाही, हा त्यामागचा निर्धार होता.

आणि मग वर्गात अनपेक्षित विद्यार्थी येऊन बसले. अमेरिकेतल्या अनेक मेसियानिक मंडळ्यांत आणि तोरा-अभ्यासवर्गांत आज ज्यू नसलेले ख्रिस्ती मोठ्या संख्येने आहेत. रविवारच्या चर्चमध्ये जुना करार पाठीमागे पडतो, अशी त्यांची तक्रार. ते हिब्रू मुळाक्षरे गिरवतात, शुक्रवारी संध्याकाळी मेणबत्त्या लावतात. त्यांनी ६१३ आज्ञा पाळायच्या की नाहीत? यावरून चळवळीत उभी फूट आहे.

वादाचे मूळ प्रेषितांच्या कृत्यांच्या १५व्या अध्यायात आहे. जेरुसलेममध्ये पुढाऱ्यांची सभा भरते: ज्यू नसलेल्या अनुयायांवर मोशेचे नियम लादायचे का? ठरते ते असे की मूर्तींना वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचे मांस आणि जारकर्म एवढे टाळले की पुरे. पण याकोब लगेच एक वाक्य जोडतो, की दर शब्बाथला सभास्थानांत मोशेचे ग्रंथ वाचले जातातच. एक गट म्हणतो, या चार गोष्टी म्हणजे पहिली इयत्ता. बाकीचे सारे दर आठवड्याच्या वाचनातून शिकायचे आणि पाळायचे, कारण देवाचा नियम सर्वांना एकच. दुसरा गट म्हणतो, सभेने ओझे काढले होते ते तुम्ही मागच्या दाराने परत आणता. तोरा ज्यूंचा करार आहे. इतरांनी प्रेमाने शिकावा, हवे ते स्वेच्छेने पाळावे, पण स्वतःला ज्यूंच्या जागी बसवू नये. फर्स्ट फ्रूट्स ऑफ झायन या तोरा-अभ्यासाचे साहित्य काढणाऱ्या अमेरिकी संस्थेने आधी पहिल्या गटाची बाजू घेतली होती. २००९ च्या सुमारास ती जाहीरपणे सोडून दुसरी घेतली. काही वाचक दुखावले. माझ्या मते दुसरा गट मजकुराच्याही जास्त जवळ आहे आणि इतिहासाच्याही. ज्यूंची ओळख त्यांच्याच नावाने दुसऱ्यांनी उचलण्याचा अनुभव त्या समाजाला पुरेसा आहे.

मूळ ज्यू समाजाच्या लेखी मात्र हे सगळे तपशील गौण. ऑर्थोडॉक्स असोत वा रिफॉर्म, येशूला मसीहा मानणे हा उंबरठा ओलांडला की माणूस बाहेर, यावर त्यांचे क्वचित दिसणारे एकमत आहे. ज्यूंना इस्रायलमध्ये येऊन स्थायिक होण्याचा हक्क देणाऱ्या तिथल्या परतीच्या कायद्यात १९७० मध्ये ज्यूची व्याख्या घातली गेली: ज्यू आईच्या पोटी जन्मलेला किंवा धर्मांतरित, आणि दुसऱ्या धर्माचा सदस्य नसलेला. १९८९ मध्ये बेरेसफोर्ड खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मेसियानिक ज्यूंना दुसऱ्या धर्माचे सदस्य ठरवून या शेवटच्या अटीने बाहेर ठेवले. सक्तीची धर्मांतरे आणि युरोपातला नरसंहार पाहिलेल्या समाजाला 'येशूआ' हे हिब्रू नाव ऐकूनही जुनीच भीती वाटते, यात नवल नाही. चर्चला हे लोक फार ज्यू वाटतात, सिनेगॉगला फार ख्रिस्ती. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी.

ही चळवळ आपल्याकडे नाही म्हटले तरी चालेल, पण येशूकडे नेण्यासाठी तोरा शिकवण्याचा एक मोठा प्रयोग मात्र मराठीत झालेला आहे. कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाने शतकानुशतके शनिवारचा विसावा, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि 'शेमा' ही प्रार्थना जपली होती. हिब्रू ग्रंथांचे ज्ञान मात्र त्यांच्यापाशी जवळजवळ उरले नव्हते. १८२९ मध्ये मुंबईला आलेल्या स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये या समाजासाठी हिब्रू व्याकरण मराठीतून छापले. मिशनच्या शाळांत बेने इस्रायल मुले-मुली जुना करार मराठीत वाचू लागली. मिशनरींचा हिशेब साधा होता: यांना मोशे समजला की येशू आपोआप समजेल.

तसे झाले नाही. ख्रिस्ती होणारे फारच थोडे निघाले. बाकीच्यांना मोशे समजला आणि ते तिथेच थांबले, किंबहुना अधिक पक्के ज्यू झाले. १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, हाग्गादा, हिब्रू आणि मराठीत शिळाछापावर निघाली. पुढे बेने इस्रायलांचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल केहिमकर मिशनरींच्या शैक्षणिक कामाबद्दल कृतज्ञतेनेच बोलतात. पण १८७५ मध्ये मुंबईत समाजाची स्वतःची इस्रायलाइट स्कूल काढण्यात पुढाकारही त्यांचाच होता, आणि तिथे मुलांना हिब्रू शिकवायची तर विल्सनसाहेबांचे तिसरे वाचन जोडण्याचे काही कारण उरले नव्हते.