मांजर-कुत्र्याच्या दुखण्यावर आपल्या डब्यातली गोळी नको

स्वतःची तपासणी झाल्यावर काही रुग्ण उठता उठता विचारतात, "डॉक्टर, आमचा कुत्रा दोन दिवस लंगडतोय. पॅरासिटामॉलची अर्धी गोळी चालेल का?" मी माणसांचा डॉक्टर आहे, प्राण्यांवरचे उपचार पशुवैद्यकांनीच करायचे. पण प्रश्न आपल्याच औषधांच्या डब्यातल्या गोळीचा असल्यामुळे उत्तर देतो: नाही. मांजराला तर मुळीच नाही.

आपलं यकृत पॅरासिटामॉलचा बराचसा भाग निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकतं. त्यासाठी लागणारं विकर (एन्झाइम) मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतंच. मग औषधाचे विषारी घटक साचतात आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता कमी होते. हिरड्या निळसर किंवा चॉकलेटी दिसतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. 500 मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. चुकून पोटात गेलीच, तर लक्षणांची वाट न बघता गोळीचं पाकीट बरोबर घेऊन पशुवैद्यकाकडे जा. यावर उतारा आहे, पण तो लवकर द्यावा लागतो.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात, काळी शी होते, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. अंगदुखीच्या अनेक गोळ्यांमध्ये यातलं एखादं औषध आणि पॅरासिटामॉल एकत्रच असतं. आजींच्या गुडघ्याला लावलेलं जेलसुद्धा मांजराने चाटलं तर धोक्याचं.

दुखतंय हे कळणार कसं?

'ओरडत नाही, म्हणजे दुखत नाही' हा समज चुकीचा आहे. बोलून सांगता येत नाही म्हणून वेदना नाही असं होत नाही, आणि मांजर तर दुखणं लपवण्यात पटाईत. पूर्वी काय करत होतं आणि आता काय करत नाही, ते बघा. एका उडीत ओट्यावर जाणारं मांजर आधी खुर्चीवर, मग ओट्यावर जाऊ लागतं. अंग चाटून स्वच्छ ठेवणं कमी होतं, पाठीवरच्या केसांच्या गाठी होतात. ट्रेच्या बाहेर शी-शू होते आणि बिचारं ओरडा खातं. आपण म्हणतो, 'म्हातारं झालं.' प्रत्यक्षात सांधे दुखत असतात.

चेहराही बोलतो. कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये त्यासाठी मोजपट्टी प्रसिद्ध केली. त्यात कान, डोळे, तोंडाचा ताण, मिशा आणि डोक्याची स्थिती बघतात. कान बाजूला वळलेले, डोळे किलकिले आणि डोकं खांद्याच्या खाली असेल, तर दुखत असण्याची शक्यता मोठी.

कुत्रा जिना चढायला कां कू करतो, बसून उठायला वेळ लावतो, एकच जागा सारखी चाटतो, रात्री अस्वस्थ फिरतो. हात लावल्यावर गुरगुरणं हा आगाऊपणा नसतो. घरी मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात घाबरलेला प्राणी लंगडणंसुद्धा विसरतो.

बोका वारंवार ट्रेमध्ये बसून कुंथतोय आणि लघवी होत नाही, तर ते बद्धकोष्ठ समजून थांबू नका. मूत्रमार्ग बंद झालेला असू शकतो आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. मोठ्या कुत्र्याचं पोट फुगलं, उमाळे येताहेत पण उलटी पडत नाही, तर तासाभराचाही उशीर नको.

घरी काय करता येईल?

गुळगुळीत फरशीवर पायपुसणी किंवा चटई अंथरा. मांजराचा ट्रे कमी उंचीच्या काठाचा घ्या. वजन जास्त असेल तर ते हळूहळू उतरवा. सांध्यांना त्याचा खूप आराम मिळतो. पशुवैद्यक वेदनेसाठी मेलॉक्सिकॅमसारखं औषध देतात, ते त्यांनी सांगितलेल्या मापानेच द्या. कुत्र्याचं सिरप मांजराला देऊ नका. त्यात औषधाचं प्रमाण बरंच जास्त असू शकतं.

आणि दुखऱ्या जागी हात लावताना जपून. लाडका कुत्राही चावतो. चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी डॉक्टरांकडे जा.