देणे कायद्याने, येणे नशिबाने

निवडणूक आली की पुढारी कापड बाजारात येतात, चहा पितात, व्यापाऱ्यांचे प्रश्न सोडवू म्हणतात. प्रश्न कोणता, हे मात्र विचारत नाहीत. तो असा आहे.

2023 च्या वित्त कायद्याने आयकरात आणलेली तरतूद 1 एप्रिल 2024 पासून लागू झाली. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या कारखानदाराकडून माल घेतला, तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसल्यास 15 दिवसांत पैसे द्यायचे. मुदत टळून वर्षअखेर बाकी राहिली, तर तो खर्च त्या वर्षी धरला जात नाही, त्यावर कर भरावा लागतो. पैसे दिले, त्या वर्षी वजावट मिळते.

यंत्रमागवाल्याला वेळेवर पैसे मिळावेत, याला आमची ना नाही. त्यालाही मजुरी द्यायची असते. पण किरकोळ दुकानदार आमचे पैसे तीन-चार महिन्यांनी देतो. 2021 पासून व्यापाऱ्यांची उद्यम नोंदणी होते, ती बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरतीच. थकलेल्या उधारीला तिचे संरक्षण नाही.

तूर्त आम्ही एवढेच सांगू, जबानी व्यवहार सोडा, लिखापढी करा. आणि पुढच्या खेपेला चहा पाजताना पुढाऱ्याला हेच विचारा.